धुक्यातले श्वास

कॅनडाला मुलाकडे गेले होते, तेव्हा तो मला ओर्का, म्हणजे काळे-पांढरे देवमासे, पाहायला बोटीतून घेऊन गेला. समुद्रावर दाट धुकं होतं. नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि आधी फक्त श्वास ऐकू आले, सगळे एकदम, एखाद्या अंधाऱ्या खोलीत घरदार झोपलेलं असावं तसे. मग काळी पाठ दिसली, तिच्याशेजारी दुसऱ्या पाठीवरचा माणसाएवढा उंच पर.

"झोपलेत," नावाडी हळूच म्हणाला. "पुढे आई, शेजारी तिचा मुलगा. मोठे झाले तरी मुलगे आईला सोडत नाहीत."

"आणि ती गेल्यावर?" माझ्या मुलानं विचारलं.

"बऱ्याचदा तोही फार जगत नाही."

ती दोघं न हलल्यासारखी पुढे सरकत धुक्यात विरली. घर सोडून मुलाला किती वर्षं झाली, हे मनात आलंच.

"आई," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "आता इथंच राहा ना."

तेवढ्यात बोटीच्या दुसऱ्या बाजूला पाण्यात, अगदी हाताच्या अंतरावर, कुणीतरी खोल श्वास सोडला.