नाड्याने ओढलेली जीप

दादा आज सकाळी गेला. जाईपर्यंत त्याला मी खोटारडीच वाटले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे.

वहिनीचे दिवस भरले होते. दुपारी अचानक रक्त जायला लागलं. दादाने तिला आमच्या जुन्या जीपमध्ये मागे झोपवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही निरवांगीहून बारामतीला निघालो.

अर्ध्या वाटेत इंजिन बंद पडलं. काही केल्या चालू होईना.

मागून गावातलेच यासीनमामा ट्रॅक्टर घेऊन आले. उसाची भरलेली ट्रॉली त्यांनी तिथंच रस्त्याकडेला सोडली. वहिनीला ट्रॅक्टरवर बसवणं शक्यच नव्हतं, म्हणून जीपच ओढून न्यायचं ठरलं.

दादाने घाईत ट्रॅक्टरचा नाडा, म्हणजे जाड दोर, बंपरला बांधला. पहिल्याच हिसक्याला बंपर निघून आला.

मग मामा स्वतः जीपखाली शिरले, नाडा चेसीला बांधला. मध्ये लाल फडकं अडकवलं, कुणी आडवं येऊ नये म्हणून.

दादाला म्हणाले, "न्यूट्रलला ठेव. इंजान बंद हाय, ब्रेक लई जड लागंल. पर नाडा ढिला पडू दिऊ नगं. हिसका हिला सोसायचा न्हाय."

दादाने ते अगदी मनावर घेतलं.

उतार आला की ब्रेकवर उभाच राहायचा. जड स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलेलं, नजर नाड्यावर. वहिनी हाका मारत होती, एकदा तरी बघा म्हणत होती. त्याने मान वळवली नाही.

मला इतका राग आला. मी ओरडणार, तेवढ्यात तिनेच माझा हात दाबला.

"ऱ्हाऊ दे. त्यास्नी हाक मारू नगं. मला हिसका लागू दिना झाल्यात बघ."

ट्रॅक्टरच्या आवाजात हे दादाला ऐकूच गेलं नाही.

पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. डॉक्टरांनी बाळ वाचवलं, आमची प्रज्ञा. वहिनी गेली.

दादाने परत लग्न केलं नाही. दर वर्षी वहिनीच्या स्मृतिदिनाला विचारायचा, ती शेवटी काय म्हणली गं? मी सांगायचे.

"माझी समजूत काढतीस तू," म्हणायचा.

परवा हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावलेला असतानाही तेच. मी रडले, भांडले, प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. नुसता हसला.

आता कुणाला पटवून देऊ मी?

आपल्या घरात परलोक मानत नाहीत, दादा. तूच शिकवलंस.

तरी आज सांगते. भेटली तर तिलाच विचार.

तुझ्या धाकट्या बहिणीची आदरांजली.