तलासरीत हरवलेला माणूस

डहाणूजवळच्या आगर गावात समुद्राचे एक धर्मशास्त्र आहे. ते कुठे लिहिलेले नाही. सांज कलली आणि एखाद्या बोटीचा वायरलेस मुका राहिला, की बोट कोणाची, तिच्या मालकाशी आपले बोलणे आहे की नाही, हे न विचारता बाकीच्या बोटी जाळी आवरून तिच्या शोधाला वळतात. तिथे मौनाचा अर्थ एकच: माणूस संकटात आहे. देवजी तांडेल असाच एकदा हरवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. त्याला पाण्यातून ओढून घेणारा पहिला हात, ज्याच्याशी त्याचा बारा वर्षे अबोला होता, त्या चुलतभावाचा होता.

चंद्रिका ही या देवजीची कन्या. वय एकोणतीस, शिक्षण बारावीपर्यंत. बोंबील वलांडीच्या, म्हणजे बांबूंच्या मांडवाच्या, दोऱ्यांवर टांगायचे, उन्हाप्रमाणे फिरवायचे, सुकले की आई सोनूबाईबरोबर डहाणूच्या बाजारात विकायचे, हा तिचा दिनक्रम. तिच्या भ्रमणध्वनीत, जोडीदार शोधून देणाऱ्या एका ॲपमध्ये, तलासरीचा नविन आला. हायवेला त्याचे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान. चार महिने रोज संभाषण चालले. तो अर्धे मराठी आणि अर्धे गुजराती लिही. जेवलीस का, हे मात्र न चुकता विचारी. एका रविवारी आईवडिलांना भेटायला आगरला येतो, असे त्याने आपण होऊन कळवले.

रविवारी सोनूबाईने पापलेट तळले, अंगण सारवले. देवजीने इस्त्रीचा सदरा घातला. नविन आला नाही. दुपारी त्याचे छायाचित्र फोनवरून नाहीसे झाले. चंद्रिकेचे संदेश एका खुणेवर अडकले, फोन लागेना. देवजीने स्वतःच्या फोनवरून लावला, तर दोनदा वाजला आणि कोणीतरी तो कापला. तरी त्याने एक संदेश लिहून पाठवला.

आजच्या कोणत्याही शहरी मुलीला यातून जे उमगले असते, ते या घरात कोणालाही उमगले नाही.

"फोन दुसऱ्याच कोणाच्या हातात पडलाय," देवजी म्हणाला. "पोरगा हायवेला कुठेतरी पडला असेल. गाडीवरून निघाला होता ना?"

शेजारचा लाहू, मासळीच्या टेम्पोचा चालक, जेवता जेवता उठला. "चल गं चंद्री. तलासरीपर्यंत रस्ता बघत जाऊ."

त्यांनी रस्त्याच्या कडेच्या चाऱ्या पाहिल्या, धाब्यांवर चौकशी केली, रुग्णालयात जखमींची नावे वाचली. नविन हे नाव कुठेही नव्हते. तिथल्या परिचारकाने मात्र सांगितले, की सकाळी एक अनोळखी तरुण आणला होता, ट्रकखाली आलेला. ओळख पटवायची असेल तर या. चंद्रिका आत गेली. कापड वर केले गेले. तिने त्या परक्या चेहऱ्याकडे डोळे न मिटता पाहिले आणि मान हलवली, हा नव्हे. बाहेर येऊन ती भिंतीला धरून ओकली. तोंड धुऊन म्हणाली, "लाहूदादा, त्याचं दुकान राहिलं."

दुकान उघडे होते. दारात खुर्च्या टाकून तिघे बसले होते आणि मधोमध, सर्वांगाने सुखरूप, नविन चहा पीत होता. चंद्रिकेच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो आनंदाचा होता, ही गोष्ट मला सर्वांत क्रूर वाटते.

"आहेस!" ती म्हणाली.

नविन उठला नाही. त्याचा मित्र जिग्नेश मात्र खुर्चीतून पुढे वाकला. "अरे, ही तर तुझी बोंबीलवाली! खरंच आली की शोधायला!"

"ब्लॉक केलं होतं मी," नविन कपाकडे पाहत म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. असंच असतं यात. सगळ्यांना समजतं."

"तिच्या बापाचा मेसेज ऐका," जिग्नेशने नविनचा फोन उचलला आणि वृद्ध आवाज काढून वाचू लागला. "'पोरा, मी चंद्रिकेचा बाप. तुला कुठे लागलंय काय? घाबरू नको, जागा सांग, आम्ही येतो.' काका तर बोट घेऊनच येणार होते हायवेला!"

तिघे हसले. नविनही थोडा हसला.

लाहू पुढे सरला. "हात-पाय तर शाबूत दिसतात रे तुझे. जीभच तेवढी रस्त्यावर पडली काय?"

चंद्रिकेने त्याला हाताने थांबवले. "दादा, राहू दे. नविन, तुला मी नको असेन तर नको. माझी जबरदस्ती नाही. पण आता मी समोर उभी आहे. तोंडानं एकदा सांग, म्हणजे मी जाते."

नकार देणे हेही एक दान आहे. समोरच्याला आपली वाट पाहण्यातून मुक्त करण्याचे ते दान. पूर्वी ते द्यायला माणसाला उंबरठा ओलांडून यावे लागे, घोटभर पाणी प्यावे लागे, शब्द जुळवावे लागत. त्या खटाटोपालाच आपण सौजन्य म्हणत आलो. यंत्राने तो खटाटोप वाचवला. यंत्र निर्दय नाही. ते केवळ सोय करते, आणि सोयीपुढे नम्र होणारा माणूस कुणापुढे नम्र व्हायचे ते विसरतो.

नविनने जिग्नेशच्या हातातून फोन घेतला. अंगठ्याने काही हलवले, काही लिहिले. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या चंद्रिकेच्या मुठीतला फोन वाजला. तिने वाचले: 'सॉरी. इंटरेस्ट नाही. काळजी घे.' पुढे जोडलेल्या हातांचे चित्र.

तिने वर पाहिले तोवर त्याने पुन्हा ब्लॉक केले होते.

परतताना आगरची वळणे आली तेव्हा ती टेम्पोत म्हणाली, "घरी मी सांगीन. तू नुसती मान हलव."

अंगणात अर्धी वस्ती जमली होती. "सापडला का?" देवजीने विचारले.

"सापडला, बाबा. दवाखान्यात. ट्रकखाली आला होता. गेला."

लाहूने मान हलवली. सोनूबाईने कधीही न पाहिलेल्या त्या मुलासाठी हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी वस्तीतील एकही बोट समुद्रात गेली नाही. बायका आळीपाळीने चंद्रिकेजवळ बसल्या, तिला भात भरवला, तिच्या केसांवरून हात फिरवला. तिने ते सारे खाली मान घालून घेतले. बापाच्या संदेशावर कोणी हसले, हे त्याला कळू नये, एवढ्याचसाठी तिने एक धडधाकट माणूस मारला होता.

त्याची शिक्षा पुढच्या होळीनंतर आली. किनाऱ्यावरच्याच एका गावातून स्थळ सांगून आले होते. मुलाला चंद्रिका पसंत होती. मुलाची आई सुकीबाई स्वतः बसने आली. तिने पाणी घेतले, चहा घेतला, बोंबलांची चौकशी केली. मग चंद्रिकेचा हात दोन्ही हातांत धरला.

"पोरी, तुझ्यात काही खोट नाही. पण जो तुझ्याकडे यायला निघाला, तो वाटेतच गेला. माझा एकुलता एक आहे, दर्यावर जाणारा. माझं मन धजत नाही गं. मला माफ कर."

ओटीवर बसलेला लाहू ताडकन उठला. चंद्रिकेने त्याच्याकडे पाहिले. तो उभाच राहिला. आत देवजी सुपारी कातरत होता.

"मी विवळवेढ्याला महालक्ष्मीपुढे नारळ ठेवीन त्याच्या नावानं," सुकीबाई डोळे पुसत म्हणाली. "त्याला शांती मिळू दे, तुलाही सुटका मिळू दे. नाव काय होतं त्याचं?"

"नविन," चंद्रिका म्हणाली.

विसरू नये म्हणून सुकीबाईने ते नाव दोनदा मनाशी उच्चारले, आणि चंद्रिकेने वाकून तिच्या पायांना हात लावला.