उकळत्या भांड्याचा प्रसंग

मद्रासच्या आमच्या मराठी मंडळाचं एक हस्तलिखित निघायचं. त्यात नव्या इंग्रजी चित्रपटांवर मी लिहीत असे, आधी गुण, मग दोष. शाळेत शिकवायची सवय, त्यामुळे चुका काढण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. माझं अक्षर मात्र कोंबडीच्या पायांसारखं. म्हणून मी कच्चं लिहायची आणि अण्णा, माझा थोरला भाऊ, ते शाईने पक्कं उतरवायचा. सगळा अंक त्याच्याच मोत्यासारख्या अक्षरात असे.

अण्णा एका इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत कामाला होता. लहान मुलं यंत्राखाली स्थिर राहत नाहीत, तेव्हा तोच त्यांना धरायचा. किरणांपासून हात वाचवायला शिशाचे हातमोजे होते, पण ते पाहून मुलं आणखी रडत. मोजे खुंटीलाच असायचे.

त्या रविवारी माउंट रोडवर दुपारच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. चित्रपटात समुद्राच्या तळातून एक काळी धोंड वर काढतात आणि तळघरात ठेवतात. तिच्यातून काय बाहेर पडतं ते कोणालाच दिसत नाही. नुसती टिकटिक ऐकू येते, आणि तिथली माणसं रोजच्यासारखी हसत-खेळत काम करत राहतात. हा अर्धा भाग फार चांगला होता. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते. पुढे त्यातल्या शास्त्रज्ञाचा राक्षस होतो आणि सगळंच मुसळ केरात जातं. रबराचा राक्षस, पाठीवरची शिवणसुद्धा दिसत होती!

मधे एक प्रसंग होता. तो शास्त्रज्ञ बोलता बोलता उकळतं भांडं नुसत्या हाताने उचलतो आणि त्याला पत्ताच नसतो. सारं थिएटर हसलं, त्यात मी सगळ्यांत मोठ्याने. अण्णा हसला नाही. मला वाटलं, त्याला डुलकी लागली असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो लेख उतरवायला बसला. रबराच्या शिवणीवर खुदकन हसला. मग त्याची लेखणी थांबली. मी लिहिलं होतं, 'हात भाजतो आणि माणसाला कळत नाही, ही थाप शेंबडं पोरही मानणार नाही.'

"अगं, तेवढं दोषांत नको घालूं," तो म्हणाला.

"का? अस्के हसले की!" आमच्या तंजावरी घरात 'सगळे' या अर्थी 'अस्के' म्हणतात.

"मी हसलों नाही."

मी दोघांना कॉफी ओतली होती, चुलीवरून नुकतीच उतरवलेली. माझा पितळी टंबलर मी पदराने धरला होता. अण्णाने विचारांच्या नादात आपला टंबलर मुठीत घेतला आणि तसाच बसून राहिला.

"अण्णा, भाजेल!"

त्याने हाताकडे पाहिलं, हळूच टंबलर खाली ठेवला आणि तळवा माझ्यापुढे धरला. कातडी कोरडी, चकाकणारी. नखांवर काळ्या उभ्या रेघा. तर्जनीला एक भेग, न भरलेली. हा हात माझाच मजकूर लिहिताना मी किती वेळा पाहिला होता! आणि कधीच पाहिला नव्हता.

"केव्हापासून?"

"दोन वर्षं होतील. लेखणी धरतों तीही डोळ्यांनी पाहून."

"डॉक्टरांना दाखव."

"दाखवलं. म्हणाले, एक्स-रेची खोली सोड. सोडली तरी हें थांबेलच असं नाही."

त्याने लेखणी उचलली, माझी ओळ खोडली आणि विचारलं, "काय लिहूं?"

"गुणांत घाल," मी म्हणाले. "तो प्रसंग खरा आहे."

त्याने लिहिलं. प्रत्येक अक्षर डोळ्यांनी पाहत.

पुढच्या अंकाआधी त्याची दोन बोटं काढावी लागली, तर्जनी आणि मधलं. सध्या एवढंच, डॉक्टर म्हणाले. अंक माझ्या अक्षरात निघाला. मंडळात कोणी तरी पानं चाळत म्हणालं, "या खेपेला अक्षरातच दोष फार."

अण्णा शेजारीच बसला होता, उजवा हात उपरण्याखाली घेऊन. सगळ्यांबरोबर तोही हसला.