दोन खुणा खाली

माझ्या गळ्यात जी पेटी लटकलेली असते, तिला लोक काय काय समजतात. एका गावच्या कबड्डीच्या मैदानावर एका आजोबांनी शर्टाची बाही वर करून दंड माझ्यापुढे धरला होता. त्यांना वाटलं, मी बीपी तपासायला आलोय. मिहानच्या उद्योग-वसाहतीत एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकाने ती दोनदा उघडायला लावली आणि शेवटी मलाच विचारलं, "पण हे करते काय?"

प्रश्न रास्त होता. हा आवाजाचा मिक्सर. दिसायला ती जाडजूड शब्दकोशाएवढी पेटी, चार नॉब, दोन काटे आणि भरपूर वायरी. चार माइकमधून येणारे आवाज आत घ्यायचे, कुठला किती मोठा ठेवायचा ते ठरवायचं, कुठला डाव्या कानात जाईल आणि कुठला उजव्या तेही ठरवायचं, आणि सगळं मिळून रेकॉर्डिंगला किंवा थेट प्रसारणाला सोडायचं. ठरवायचं म्हणजे मी ठरवायचं. पेटी बिचारी काहीच ठरवत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मला सगळं पेटीवर ढकलावंसं वाटेल.

माझी एक सवयही सांगायला हवी. प्रत्येक नॉबभोवती शून्य ते दहा अशा पांढऱ्या खुणा असतात. नॉबच्या खाली मी कागदी चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहितो: कुठला माइक कोणाचा, आणि नॉब कुठल्या खुणेवर. कार्यक्रम संपला की पट्टी सोलून काढायची आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायची. तीच माणसं पुन्हा आली तर पहिल्यापासून जुळवाजुळव नको. इतक्या वर्षांत झाकणाच्या आत पट्ट्यांचे थर झाले आहेत. कीर्तनकार आहेत, शाळेची स्नेहसंमेलनं आहेत, एकाच पट्टीवर शेजारी शेजारी दोन विरोधी पक्षांचे उमेदवार आहेत. बायकोच्या मते ते झाकण एकदा गरम पाण्याने धुऊन काढायला हवं.

धुतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कारण त्यातली एक पट्टी माझ्या विरुद्धचा पुरावा होती.

पंधरा-सतरा वर्षांपूर्वी मी एका छोट्या रेकॉर्डिंग युनिटमध्ये होतो. शहरातल्या सदर भागात एका दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या. आम्ही खेळांच्या स्पर्धांची कॉमेंट्री रेकॉर्ड करून रेडिओला पुरवायचो. कॉमेंट्री करणाऱ्या ज्येष्ठ गृहस्थांना सगळे भाऊ म्हणत. त्यांचा आवाज असा, की माइक बंद असला तरी काही अडायचं नाही. त्यांच्या जोडीला दुसरा आवाज हवा, म्हणून आमच्या साहेबांनी एका मुलीला चाचणीसाठी बोलावलं. ती एका शाळेत पीटी शिकवायची. स्वतः कबड्डी खेळलेली, गुडघा गेला म्हणून खेळ सोडलेली. एक सामना भाऊंबरोबर करायचा, साहेब नंतर ते रेकॉर्डिंग ऐकणार, आवडलं तर पुढची सगळी स्पर्धा तिची.

मैदानावर वायरी टाकताना ती माझ्याशी बोलत होती. मी विचारलं, गर्दीच्या आवाजात बोलायची सवय आहे का? ती म्हणाली, "दादा, आमच्या घरी दोन हातमाग होते. बाबा विणत राहायचे दिवसभर. तिथं ओरडून काही उपयोग नसते. धोटा इकडून तिकडे गेला न् ठोक पडला, की त्याच्या मधात बोलून घ्याचं."

मला ते फार आवडलं होतं. आवडलं होतं, हे मुद्दाम सांगतो.

मी आवाज तपासले. भाऊ डाव्या बाजूला, ती उजव्या, उरलेले दोन माइक प्रेक्षकांकडे. भाऊ सहावर, तीही सहावर. काटे एकमेकांशी छान जुळले. मी पट्टीवर लिहिलं. तेवढ्यात ती म्हणाली, "मले एकदा ऐकू द्या ना." मी हेडफोन दिला आणि चाचणीचं रेकॉर्डिंग वाजवलं. ती भुवया आवळून ऐकत राहिली.

"दादा, माझा प फुटून राहिला. 'पकड' म्हटलं की धाप्‌कन होते. माइक थोडा तिरपा कराल का?"

बाजूला आयोजक होते, पंच होते, आलूबोंडे खाणारी दहा-बारा मंडळी होती. भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असे हसले. त्यांना दुसऱ्या तऱ्हेने हसताच येत नसे. "लागली ना गा तुही वाट! हे पोरगी पीटीची मास्तरीण आहे, पुन्हा चुकला तं उठाबशा काढाले लावीन."

सगळे हसले. ती ओशाळली. "तसं नाही हो, दादा..."

मी माइक तिरपा केला. तिचं बरोबर होतं. ते मी स्वतः आधीच करायला हवं होतं, पहिल्या महिन्यात शिकवतात ते. कान गरम झाले होते. शिट्टी वाजली, सामना सुरू झाला, आणि मी तिचा नॉब सहावरून चारवर आणला.

दोन खुणा. नखाएवढं अंतर. भाऊंनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. आणि सवय इतकी पक्की, की पट्टीवरचा सहा खोडून मी तिथे चारही लिहिला. चोरी करून पावती फाडणारा चोर मी एकटाच असेन.

दोन खुणांनी माणूस गप्प होत नाही. भिंतीपलीकडे जातो, इतकंच. गर्दीचा गलका जरा उतरला की ती नेमकी त्या फटीत बोलत होती, मागाच्या ठोक्यांमध्ये बोलावं तशी. चढाई करणाऱ्याचा कुठला पाय वळतोय, कोपऱ्यातला खेळाडू कधी झेप घेणार, हे ती आधी सांगायची आणि मग ते व्हायचं. हेडफोनमध्ये मला ते कळत होतं. पण फटी भराभर बुजत होत्या आणि तिचे शब्द निम्मे आत राहत होते. पूर्वार्धानंतर मी नॉब वर घेऊ शकलो असतो. घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऑफिसात रेकॉर्डिंग ऐकलं. मी कोपऱ्यात वायरी गुंडाळत होतो. साहेब म्हणाले, "मुलगी हुशार आहे. पण आवाज पोचत नाही." मग माझ्याकडे वळले. "काय?"

माझ्याकडे पुरता एक क्षण होता. मी म्हणालो, "हो. थोडा बारीक आहे."

नॉब फिरवला तो राग होता. हे वाक्य मात्र मी थंड डोक्याने बोललो, आणि खरं ओझं त्याचंच आहे. तिला कळवायचं कामही माझ्याकडेच आलं. मी फोनवर सांगितलं, जोर थोडा कमी पडला. ती पलीकडून म्हणाली, "बरं झालं दादा, तुमी खरं सांगितलं. मी जोर वाढवते."

पुढे युनिट बंद पडलं. भाऊ मुलाकडे राहायला गेले. युनिटची ही पेटी मीच विकत घेतली आणि बोलावतील तिथे जाऊ लागलो. हल्ली मोबाइलवर थेट सामने दाखवणाऱ्यांची कामं पुष्कळ असतात. या हिवाळ्यात अशाच एका कबड्डी स्पर्धेला गेलो. आयोजक म्हणाले, "कॉमेंट्रीले आपल्या मॅडम आहेत. त्यायचा आवाज ऐकाले लोकं येतात."

मॅडम आल्या. केसांत थोडं पांढरं, हातात गरम पाण्याचा थर्मास. "दादा! तुमी? आन् अजून तेच पेटी?"

मी तिला चेहऱ्यावरून ओळखलं. आवाजावरून ओळखलं नसतं. पत्रा खडीवरून ओढावा तसा तो झाला होता.

"घशाले काय झालं?"

"काय नाही, गाठ आहे म्हणते डॉक्टर. ओरडणं बंद करा म्हणते, नाही तं ऑपरेशन, आन् त्याच्यानंतर आवाज राहीन का नाही सांगता येत नाही." ती पाणी प्यायली. "आता डॉक्टरले काय माहीत, हळू बोलली तं कोण ऐकीन? तुमीच तं सांगितलं होतं."

तिला कधीच ओरडायची गरज नव्हती, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो तिच्यासमोर बॅटऱ्या बदलत बसला होता.

तेवढ्यात तिने पेटीचं झाकण वर केलं. "हे काय, लसीकरणाच्या नोंदी का?" ती पट्ट्या वाचत सुटली. उमेदवारांच्या पट्टीवर मनापासून हसली. मग तिचं बोट एका जागी थांबलं. "भाऊ सहा. पीटीवाली ताई सहा, खोडून चार." तिने हसत वर पाहिलं. "मले नापास केलं होतं का, दादा?"

सामन्याला दहा मिनिटं होती. मी म्हणू शकलो असतो, प्रत्येकाचा आवाज वेगळा, खुणाही वेगळ्या. तिने मानलंही असतं. मी म्हणालो, "हो. केलं होतं." आणि सगळं सांगितलं. साहेबांसमोरचं वाक्यही.

तिने थर्मासचं झाकण लावलं. "काहून?"

"तुम्ही चारचौघांत माइक तिरपा करायला सांगितला म्हणून."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी."

"भैताड आहे का तुमी?"

"हो," मी म्हणालो.

"मी दोन वर्षं गच्चीवर उभी राहून ओरडत होती, दादा. रोज सकाळी. शेजारची काकू आईले विचारे, पोरीच्या अंगात येते का वं?" तिला हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबला तेव्हा हसू गेलं होतं. ती उठली आणि माझ्याकडे पाठ करून माइकपुढे बसली.

पूर्वार्धभर ती ओरडली. नेहमीपेक्षा जास्तच असावं. मी तिचा नॉब सातवर नेला, पुढे वाकून तळहाताने खुणा केल्या: हळू, हळू, येतोय आवाज. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि मान फिरवली. बरोबरच होतं. त्या हातावर तिने का विश्वास ठेवावा? काटे लाल पट्ट्यात आपटत होते आणि प्रत्येक ओरडण्याबरोबर मला ती गाठ ऐकू येत होती.

मध्यंतरात मी हेडफोन काढला आणि तिच्यासमोर ठेवला. लांब वायर जोडून दिली. "माझ्यावर विश्वास नका ठेवू. हळू बोला आणि स्वतः ऐका."

तिने आधी वायर पेटीपर्यंत नजरेने तपासली. मग हेडफोन कानाला लावला. "हॅलो," ती हळूच म्हणाली. मग आणखी हळू, "चढाई." मग नुसत्या श्वासात, "पकड." तिची नजर माझ्या बोटांवर होती. मी ती नॉबवरून उचलून मांडीवर ठेवली.

"प नाही फुटला," ती म्हणाली.

"तिरपा ठेवलाय."

उत्तरार्धात हेडफोन तिच्याकडेच राहिला. मी उघड्या कानांनी, नुसत्या काट्यांवर नजर ठेवून मिक्सर चालवला. जन्मात कधी केलं नव्हतं. सुरुवातीला तिचा आवाज दोन-तीनदा सवयीने चढला आणि कानात आपटल्यावर तीच दचकून खाली आली. मग ती थांबायला लागली. गलका उठला की गप्प, उतरला की बोलायची. आवाज तोच खरखरीत, पण आता शेजारी बसून कोणी कानात सांगावं तसा जवळचा असणार, हे काट्यावरून मला दिसत होतं. शेवटच्या चढाईला सगळं मैदान उभं राहिलं. खेळाडू कोपऱ्यात अडकला आणि गर्दीने श्वास रोखला, तेवढ्या फटीत ती म्हणाली, "हात पाहा, पाय नाही," आणि त्याने जमिनीवर लोळत मध्यरेषेला बोट टेकवलं. पुढच्या आरोळीत ती एक शब्दही बोलली नाही. मोबाइलवर सामना दाखवणारे आयोजक धावत येऊन म्हणाले, "मॅडम, लोकं लिहून राहिले, आज कॉमेंट्री मस्त ऐकू येते."

तिने हेडफोन माझ्या हातात दिला. "माफी-बिफी मले इतक्या लवकर नाही जमत, दादा."

"नका करू."

"रविवारी कळमेश्वरले सामने आहेत. याल?"

"येईन."

"कानाले लावाचं एक मी पण घेऊन येईन."

जुनी पट्टी काढून टाकू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या. दिसत राहू द्या तुमाले."

तेव्हापासून पेटीला दोन हेडफोन जोडलेले असतात, एक माझा, एक तिचा. मी काही केलं की तिला ऐकू येतं. इतकी वर्षं या कामात कोणी माझ्यावर लक्ष ठेवलं नव्हतं, आता ठेवतं, आणि मला झोप चांगली लागते. तिच्या गाठीचं अजून काही सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचं आहे. ओरडणं मात्र बंद आहे. शाळेत तिने पोरांना बोलवायला शिट्टी घेतली आहे.

परवाच्या सामन्यात तिने मधेच हात वर केला आणि आयोजक, पंच, चहावाला, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "दादा, डावीकडचे लोकं फारच ओरडून राहिले, त्यायले थोडं खाली घ्या ना."

मागून कोणीतरी हसलं. "शिकवा, मॅडम, शिकवा त्यायले."

तिचं बरोबर होतं. मी डावीकडचा नॉब दोन खुणा खाली घेतला, आणि पट्टीवर तसं लिहिलं.