मुदतीला हरकत नाही

जजकाका कोथिंबिरीच्या जुडीचासुद्धा निकाल राखून ठेवायचे. वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी भाजीची गाडी लागायची. बायका भाव पाडायच्या, भाजीवाला मार्केट यार्डातले दर शपथेवर सांगायचा, आणि काका पिशवी काखेत धरून दोन्हीकडचं शांतपणे ऐकून घ्यायचे. "याचंही म्हणणं विचारात घेतलं पाहिजे," ते म्हणायचे. "त्याला गाडीचं भाडं आहे." मग विचार करायला म्हणून सोसायटीला एक चक्कर मारून यायचे. तोवर कोथिंबीर संपलेली असायची. रिकामी पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या काकांना पाहून मला आधी हसू यायचं आणि मग हटकून डोकं फिरायचं.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करते. काका दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. पुण्यात त्यांची नेमणूक होती तेव्हा मी नवीन वकील होते आणि त्यांच्यापुढे उभी राहायला घाबरायचे. ते ओरडायचे वगैरे नाहीत. माझा युक्तिवाद संपला की चष्मा काढून विचारायचे, "वकीलबाई, आपण उत्तम बोललात. आता आपल्या अशिलाच्या विरुद्ध काय बोलता येईल, तेही सांगा." पुढे शेजारी झालो, त्यांच्या घरचे दडपे पोहे मी हक्काने खाऊ लागले, तरी त्यांनी 'वकीलबाई' आणि 'आपण' सोडलं नाही. काकू मात्र पहिल्या दिवसापासून मला "अगं स्मिता" म्हणत.

काकूंबद्दल आधीच सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच होतं. काकूंचे दोन्ही गुडघे गेले होते, हृदयामुळे डॉक्टर शस्त्रक्रियेला तयार नव्हते, आणि आमची इमारत बिनलिफ्टची. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. एकदा दवाखान्यातून येताना त्या जिन्यात मध्येच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी परत उतरणार नाही." तसंच झालं. देवळात जाणं बंद, भिशी बंद, खिडकीतून दिसेल तेवढंच वारजे त्यांचं. लिफ्टचं घर घ्यायचं किंवा निदान भाड्याने राहायचं तर हाती पैसा हवा होता, आणि तो काकांच्या सुधारित पेन्शनमध्ये अडकून पडला होता.

न्यायाधीश म्हणजे गडगंज असा लोकांचा समज असतो. काका नोकरीला लागले तेव्हा तालुक्याच्या गावी पगार बेताचा आणि सरकारी निवासस्थान नाही. घर भाड्याने घ्यावं तर मालकाचा आपल्या कोर्टात दावा नसावा, आणि त्या गावात दावा नसलेला घरमालक सापडेना. शेवटी मिळालं ते घर गळकं होतं. काकू सांगायच्या, "गावात सगळ्यांच्या घरी हळदीकुंकू. मी कुठे जायचं? जिच्याकडे जावं तिच्या दिराची केस ह्यांच्यापुढे." असे कितीतरी तालुके त्या गप्प बसून राहिल्या. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन नागपूरला गेली, तरी काकूंचं ते गप्प बसणं संपलं नाही.

पगारवाढीसाठी सरकारी कर्मचाऱ्यांनी संप केला होता तेव्हाचा किस्सा काका मिटक्या मारत सांगायचे. शिरस्तेदार नाही, पट्टेवाला नाही. काकांनी स्वतः दारात येऊन पक्षकारांच्या नावांचा पुकारा केला, स्वतः नळावरून पाण्याचा तांब्या भरून आणला आणि मग खुर्चीवर बसून काम चालवलं. संप मिटला, कर्मचाऱ्यांचे पगार वाढले. काकांनी पट्टेवाल्याचं अभिनंदन केलं. "तुमचं काय झालं?" मी विचारलं. "आमचं काय व्हायचं? आम्ही निवेदन दिलं होतं." न्यायाधीशाला संप करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, वर्तमानपत्रात लिहिता येत नाही. तो निवेदन देतो आणि वाट बघतो. ही पद्धत ज्यांनी पाडली त्यांना एकदा तिसऱ्या मजल्यावर राहायला पाठवलं पाहिजे.

हे पगार ठरतात कसे, ते काकांनी मला एकदा पोहे खाता खाता समजावलं होतं. "उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार संसद कायद्याने ठरवते. राज्याच्या तिजोरीतून तो आधी बाजूला निघतो. विधानसभेत त्यावर बोलता येतं, मतदान नाही. घरभाड्यासारखं समजा, महिना सुरू झाला की पहिलं ते काढून ठेवायचं. आमचा पगार वाण्याच्या यादीतला. रवा घ्यायचा की मैदा, यंदा तूप घ्यायचं की राहू द्यायचं, त्यात आम्ही." खालच्या न्यायाधीशांसाठी म्हणून मग वेतन आयोग बसतो. आयोग अनेक वर्षं अभ्यास करून शिफारस करतो, सर्वोच्च न्यायालय ती मान्य करून राज्यांना हुकूम देतं, आणि हुकूम राज्याच्या वित्त विभागात पोचला की तिथे पैसे नसतात. सरकारचा वकील उभा राहतो आणि मुदत मागतो.

आणि इथे जजकाकांचं ते असह्य वागणं सुरू व्हायचं. मी तणतणत वर जायचे. "काका, सरकारने पुन्हा मुदत मागितली!" काका पेपर घडी करून ठेवायचे. "कारण काय दिलंय?"

"तरतूद नाही म्हणे अंदाजपत्रकात."

"मग बरोबर आहे. तरतूद नसताना देणार कुठून? पुरवणी मागण्या मांडाव्या लागतील. मुदत वाजवी आहे."

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज यायचा. काका कोर्टात नव्हते, त्यांना कोणी विचारलं नव्हतं, मुदत त्यांच्याच पेन्शनला मागितली होती, आणि तरी आरामखुर्चीत बसून ते ती मंजूर करून टाकायचे. प्रत्येक वेळी!

सोसायटीतले विलासशेठ जुने वारजेकर. त्यांच्या शेतावर इमारती उठल्या आणि ते बिल्डर झाले. जिन्यात काकांना गाठून एकदा म्हणाले, "काका, माज्या नव्या बिल्डिंगीत लिफ्ट हाय. खालच्या मजल्यावर मोकळा फ्लॅट हाय. काकूंना घिऊन या राहायला. भाड्याचं मागनं बघू."

काका म्हणाले, "आपले आभार. पण आपल्या वडिलांच्या दाव्याचा निकाल मी दिलेला आहे."

"आवो, तो दावा तर आमी हरलो!"

"हो. तरीसुद्धा."

विलासशेठ माझ्याकडे बघून कपाळाला हात लावून गेले. मी काकांशी चार दिवस बोलले नाही. मुलीने पैसे देऊ केले तर म्हणाले, "न्यायाधीशाला पगार सरकारने द्यायचा असतो, जावयाने नाही." निवृत्त होऊन जमाना लोटला होता, पण हे गृहस्थ स्वतःला अजून खुर्चीवरच समजत होते.

शेवटी काही निवृत्त न्यायाधीशांनी एकत्र येऊन मुंबईला उच्च न्यायालयात जायचं ठरवलं. काम माझ्याकडे आलं. काकांची पेन्शन ठरवताना खात्याने सरळसरळ चुकीची वेतनश्रेणी लावली होती. सगळ्यांत स्पष्ट चूक त्यांचीच, म्हणून त्यांचं प्रतिज्ञापत्र सगळ्यांत महत्त्वाचं. स्वतःच्या पैशासाठी ते सही करणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून बाकीच्या न्यायाधीशांची नावं पुढे केली. त्यांच्यासाठी ते तयार झाले. मी मसुदा दिला आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या सुवाच्य अक्षरातल्या एका वाढीव परिच्छेदासह परत आला. राज्यापुढे दुष्काळ आहे, शाळा आणि दवाखाने आहेत, खडकवासल्याच्या कालव्यांची डागडुजी आहे, तिजोरीवरचा हा भार अर्जदारास मान्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. प्रतिज्ञापत्र कसलं, निकालपत्रच होतं ते.

"काका, हे काढा. हे सांगायला सरकारला वकील आहे."

"तो नीट सांगणार नाही."

"मग न सांगू दे! आपल्याला काय करायचंय?"

"वकीलबाई, एका बाजूचं प्रतिज्ञापत्र मी करणार नाही. हा परिच्छेद राहणार नसेल तर सही नाही."

मी भांडले, विनवलं, काकूंकडून सांगून पाहिलं. काका हलले नाहीत. सही नसण्यापेक्षा परिच्छेदासकट सही बरी, म्हणून मी ते दाखल केलं.

मुंबईत सुनावणीला सरकारी वकील उठले ते हसतमुखाने. त्यांनी दुसरं काही वाचलंच नाही. काकांचा परिच्छेद खणखणीत आवाजात वाचून दाखवला आणि म्हणाले, "राज्याची अडचण अर्जदार स्वतः मान्य करतात. आम्हाला मुदत मिळावी." मुदत मिळाली. परतीच्या वाटेवर घाटात ट्रॅफिक तुंबला होता आणि मी गाडीत एकटीच मोठमोठ्याने काकांना बोलत होते.

घरी पोचून झालं ते सांगितलं. काकांनी मान हलवली. "वाचलं का त्यांनी नीट? शब्द गाळले नाहीत ना?" आणि मग, सवयीने, "मुदत वाजवी आहे."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि मी इतक्या वर्षांत न ऐकलेल्या आवाजात बोलल्या. "अहो, निवृत्त तुम्ही झालात. मी नाही झाले. तालुक्यातालुक्यात मी तुमच्यासाठी गप्प बसले. माझं दार बंद, माझं हळदीकुंकू बंद. आता जिना बंद. त्या कालव्यांचं तुम्हाला दिसतं. मी ह्या खोलीत बसलेय, ते दिसतं का?"

चहा निवला. मी उठून खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दाराशी आले. दाढी केलेली नव्हती, असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "पुरवणी प्रतिज्ञापत्र दाखल करता येईल का?" मी हो म्हटलं. त्यांनी कागद पुढे केला. त्यावर मोजकीच वाक्यं होती. आधीचा परिच्छेद मागे घेतो. माझ्या पत्नीला जिना उतरता येत नाही. आम्हाला लिफ्ट असलेल्या घरात जायचं आहे. यापुढे मुदत देऊ नये, ही विनंती. समोरच्या बाजूबद्दल एक अक्षर नव्हतं. मला रडू आवरलं नाही आणि काका ओशाळून जिन्याकडे बघत राहिले.

ते दाखल झालं, पण तारीख पुढची होती. तारखेच्या आधी काका गेले, झोपेतच. विलासशेठच्या माणसांनी त्यांना जिन्यावरून खाली आणलं. काकूंनाही खुर्चीत बसवून उतरवू, असं विलासशेठ हात जोडून म्हणाले. काकू नको म्हणाल्या. खिडकीत उभ्या राहून त्यांनी फाटकापर्यंतचं सगळं पाहिलं.

मग अर्जात वारस म्हणून काकूंचं नाव लावावं लागलं. त्यासाठीही सरकारी वकिलांनी मुदत मागितली! मी कोर्टात काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अखेर निकाल लागला, खात्याची चूक मान्य झाली आणि फरकाची रक्कम जमा झाली. माणूस गेल्यावर त्याचा पगार बरोबर ठरला. काकू आता विलासशेठच्या लिफ्टच्या इमारतीत राहतात, बाजारभावाने भाडं भरून. विलासशेठने कमी घेऊन पाहिलं, काकूंनी उरलेलं परत पाठवलं.

मध्यंतरी काकू मला म्हणाल्या, "अगं स्मिता, मला कोर्ट दाखव. न्यायाधीशाच्या बायकोने कोर्टात जायचं नाही म्हणून मी कधी पाहिलंच नाही." मी त्यांना गाडीतून शिवाजीनगरला नेलं आणि एका दालनात मागच्या बाकावर बसवलं. मांजरी गावच्या एका म्हाताऱ्याचा दावा पुकारला. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "मुदत मिळावी, साहेब." तरुण न्यायाधीशांनी पेन उचललं.

"नका देऊ हो," काकू मागून म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या. पट्टेवाला धावला. न्यायाधीशांनी त्याला हातानेच थांबवलं. "आजी, हा दावा आपला आहे का?"

"माझा नाही. पण ज्याचा आहे त्याला विचारा, घरी कोण वाट बघतंय."

मी लाजेने अर्धी झाले होते. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग म्हाताऱ्याकडे वळून म्हणाले, "बाबा, घरी कोण असतं?"

"आता कोन नाय, सायेब. मंडळी व्हती, ती गेली."

न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सरकार पक्षाला मुदतीची अखेरची संधी."

काकू काठी टेकत उठल्या. "दिलीच की शेवटी," त्या म्हणाल्या, आणि वारजे येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.