मानाचा बैल आणि कय्युमची गाडी

जळगावात नेमीचंद शेठच्या अँबेसिडरपेक्षा तिच्या ड्रायव्हरचाच तोरा मोठा होता. कय्युम साठीच्या पार गेला होता, पण दाढीला मेंदी लावून, बंद गळ्याचा कोट चढवून स्टिअरिंगमागे असा बसायचा, की गाडी शेठची असली तरी रस्ता ह्याच्या बापाचा. सायकलवाले त्याच्या लेखी मुंग्या आणि नवे ड्रायव्हर म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण खरा तिटकारा बैलगाडीवाल्यांचा. "चालतो बैल आणि घोरतो हा. गाडी कोण हाकतं, तर जनावर," असं म्हणून तो खिडकीतून पचकन थुंकायचा.

अशा ह्या शहाण्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ते एकट्या रहिमाबीला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. ती दारात उभी असायची आणि हा उतरंडीकडे बघून तिच्याशी बोलायचा. धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, म्हणून ती मागे लागली की तो खेकसायचा, "डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली की दुसऱ्या दिवशी शेठ चावी काढून घेईल. मग मी कोण? मशिदीच्या पायरीवर बसून माश्या मारणारा म्हातारा." ह्या एका भीतीपायी तो रोज चार माणसं मारायला तयार होता, आणि ह्याला तो हिंमत म्हणत होता.

आंधळा असून गाडी हाकायची त्याची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. रस्त्याकडेच्या निंबाच्या झाडांना सरकारने चुना फासून वर गेरूचे पट्टे ओढले होते. तेवढं पांढरं-तांबडं डाव्या हाताला ठेवायचं आणि पुढे जायचं. खड्डा कुठला, मोरी कुठली, हे त्याच्या बुडाला पाठ होतं. मागे बसलेले शेठ मधूनमधून विचारायचे, "कय्युम, कुठवर आलो?" आणि हा छाती फुगवून सांगायचा, "पाचोऱ्याचा फाटा गेला, शेठ." शेठ समाधानाने पुन्हा डुलकी काढायचे.

अडुसष्ट सालच्या पोळ्याला शेठ आजारी बहिणीला भेटायला भडगावला निघाले. पोळ्याच्या दिवशी निघू नये, वाटेत बैलांची गर्दी असते, असं शेठच्या थोरल्या मुलाने, निर्मलकुमारने, सांगितलं होतं. कय्युम हसला. बैल बाजूला होतील, म्हणाला.

दिवस कलला होता, ऊन थेट काचेवर येत होतं. पुढे सगळं दुधाळ झालं, म्हणून गाडी अगदी पावलापावलाने चालली होती. डावीकडे पांढरं दिसलं, त्यावर तांबडे पट्टे दिसले. कय्युमने बिनधोक ते धरलं. झाड जरा हललं, पण उन्हात असं होतं. रस्ता डावीकडे वळल्यासारखा वाटला, हाही वळला. ढोल ऐकू आले, तेव्हा त्याने कपाळाला आठ्या घातल्या. ह्या गावंढळांना रस्त्याशिवाय नाचायला जागा मिळत नाही, असं पुटपुटत त्याने हॉर्नवर हात दाबला.

ते झाड म्हणजे धनसिंग पाटलांचा मानाचा बैल होता. अंगभर चुन्यासारखा पांढरा, वर गेरूचे पट्टे ओढलेला. तो सडक सोडून गावच्या वेशीकडे निघाला होता आणि कय्युमची अँबेसिडर इमानाने त्याच्या मागे. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, दोन्ही अंगांना गावचे बैल उभे. तोरण पहिल्यांदा तोडायचं ते मानाच्या बैलानेच, ह्यावरून पूर्वी डोकी फुटलेली. पूजेसाठी तो बैल थबकला. झाड जागेवर आलं असं समजून कय्युमने गाडी त्याच्या उजवीकडून रेटली. टपावरच्या कॅरियरला तोरण अडकून तटकन तुटलं, बैल उधळले आणि गाडी चावडीपुढच्या गटारीत नाक खुपसून बसली.

पोरं दगड घेऊन धावली. धनसिंग पाटलांनी हात वर करून त्यांना थांबवलं. खिडकीशी वाकून त्यांनी कय्युमच्या डोळ्यांपुढून बोटं फिरवली. पापणी हलली नाही.

"दगड खाले टाका रे," पाटील म्हणाले. "हाऊ बैल म्हतारा शे. याले दिखत नई. पोळाना दिन म्हतारा बैलले कोनी मारतस का?"

सगळं गाव हसलं. ह्यापेक्षा दगड बरे होते, असं कय्युमला वाटलं.

गाडी ओढून काढायला त्याने बैल मागितले. हो, त्यानेच मागितले. पाटलांनी मान हलवली. "आज बैलना खांदावर जू नई. सकाय काढसूत." मग शेठना ओसरीवर गादी घातली आणि कय्युमला गोठ्यापाशी बाजेवर बसवून पुरणपोळी दिली. शेजारी पाटलांचा थकलेला बैल बांधलेला होता. कामातून सुटलेला, तरी शिंगं रंगवलेला. त्यालाही पोळीच. भूक कुणाचा मान ठेवत नाही. कय्युमने दोन खाल्ल्या.

सकाळी बैलांनी गाडी काढली. निरोप मिळून निर्मलकुमार एस.टी.ने आला होता. तो स्टिअरिंगमागे बसला. कय्युम पुढच्या दाराशी चाचपडत उभा राहिला, तेव्हा शेठ म्हणाले, "मागे ये. माझ्याजवळ बस."

उभ्या जन्मात तो त्या सीटवर बसला नव्हता. पहिला मैलभर त्याने निर्मलच्या गियरला नावं ठेवली. मग डावीकडून पांढरं-तांबडं सरकत राहिलं आणि त्याची जीभ आपोआप बंद झाली. ते झाड आहे की बैल, हे त्याला कळत नव्हतं, आणि आता कळायची गरजही उरली नव्हती. त्याला रडू आलं.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "कुठवर आलो?"

शेठ खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"मला काय ठाऊक, कय्युम," ते म्हणाले. "मला दिसत असतं तर रोज तुला विचारलं असतं का?"