मनगटातली काच

परतवाड्याच्या बाजारात रजियाबीकडून बांगड्या भरल्या नाहीत अशी बाई शोधूनच काढावी लागेल. पोरीचा हात साबणाच्या पाण्यात बुडवायचा, अंगठ्याखालचं हाड दाबून पंजा आवळायचा आणि पोर "दुखते, चाची!" म्हणून ओरडेपर्यंत बांगडी मनगटावर. वर ठरलेलं उत्तर, "काई नाई दुखत. नखरे करून राहिली!" या तोंडापुढे बोलायची कोणाची टाप होती?

त्याच रजियाबीच्या डाव्या मनगटात मागे एक फुटकी बांगडी घुसली. टाके पडले, जखम भरली, दुखणं मात्र राहिलं. ओढणीचं टोक लागलं तरी कोपरापर्यंत आग उठायची. आत काच राहिली, हे तिनं ठरवूनच टाकलं. जन्म काचेत गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! हट्टानं डॉक्टरांना दोनदा मनगट उघडायला लावलं. निघालं काहीच नाही, दुखणं तेवढं वाढलं. सून अफसाना तोंडानं काही बोलत नसे, पण तिच्या नजरेत रजियाबीला 'नखरे' हा शब्द दिसायचा आणि जिवाला लागायचं.

त्यात शेजारच्या खुशालरावांच्या पौर्णिमाचं लग्न तोंडावर आलं. ही पोर चालायला लागली तेव्हापासून तिच्या हातात रजियाबीच्याच बांगड्या. लग्नाचा हिरवा चुडाही तिनंच भरायचा, यात विचारायचं ते काय? पण ऐन वेळी हात थरथरला, नवरीच्या हातावरच बांगडी फुटली तर? तिसऱ्यांदा मनगट कापून घ्यायचंच, असं ठरवून ती सुनेला घेऊन अमरावतीला गेली.

तिथल्या डॉक्टर प्रणालीनं सोनोग्राफी केली.

"काच नाही, चाची. तुमची स्पर्श कळवणारी शीर दुखावली. तिनं इतके दिवस बोंब मारली, की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचं वागणंच बदललं. तिथं ग्लुटामेट नावाचं रसायन निरोप पोचवतं. तो घेणारी दारं आता नीट लागतच नाहीत. साधा स्पर्शही आत दुखणं होऊनच पोचतो. पुन्हा कापलं तर आणखी बिघडेल."

"म्हंजे मले दुखते ते खरं हाये?"

"अगदी खरं."

रजियाबीला रडूच फुटलं. अफसानानं मान खाली घातली. पण रडता रडता नवी धास्ती बसली.

"काच असती तं काढता आली असती. हे दारं कशे लावता?"

"गोळ्यांनी थोडी लागतील. हात लपवू नका, रोज मऊ कापडानं हलके चोळत जा. पूर्ण थांबेलच, असं मी सांगणार नाही."

गोळ्यांनी आग कमी झाली, गेली नाही. चुड्याच्या दिवशी खुशालरावांच्या अंगणात बायका जमल्या. रजियाबीनं पौर्णिमाचा पंजा हातात घेतला आणि मनगटातून कळ गेली. हात थरथरला, सगळ्यांनी पाहिला. तिनं ओठ घट्ट मिटून अंगठ्याखालचं हाड दाबलं.

"दुखते, चाची!" पौर्णिमा ओरडली.

बायका आधीच हसायला लागल्या. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. रजियाबीनं तोंड उघडलं आणि मिटलं. बांगडी मागे घेतली, पोरीच्या हाताला पुन्हा साबणाचं पाणी लावलं.

"कुठी दुखते, बाई?" ती म्हणाली. "मले दाखव."